गडग्यापलीकडचं बी

आश्विनात रत्नागिरीचं ऊन असं तापतं की पावसात माजलेला परस बघता बघता पिवळा पडतो. रुचिरा पुण्याहून आली तेव्हा पडवळाचा वेल दोरीसारखा लोंबत होता, भेंडी निबर होऊन जागेवरच फुटली होती, आणि अळू तेवढं, कोणी बघो न बघो, न्हाणीच्या पाण्यावर पोसलं होतं. श्रावण संपता संपता आई गेली. तेरावा झाल्यावर रुचिरा पुण्याला आपल्या कॉलेजात शिकवायला परत गेली होती. आता दिवाळीची सुट्टी आणि उरलीसुरली रजा जोडून ती घर आवरायला आली होती, आणि आवरून झालं की कुलूप लावायला. वडील जहाजावर होते, ते जाऊनही बरीच वर्षं झाली. भावंड नव्हतं. आवरायचं ते तिनेच.

कपाटं उघडायचं तिच्याने होईना, म्हणून पहिल्या सकाळी ती परसात गेली. मांडवाखाली वाकून शिरली, वाळकी पानं बाजूला केली, आणि तिला ते दिसलं. एकच तवसं. पावसाळ्यात होणारी ही दांडगी काकडी; पिकली की तिची साल कडक होते, आणि कीस गुळात शिजवून त्याचं धोंडास करतात. हे तवसं गडद तांबूस झालं होतं, सालीवर जाळी उठली होती, आणि देठाला चिंधी बांधली होती. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, आईच्या घरात नेसायच्या साडीची.

चिंधीचा अर्थ रुचिराला ठाऊक होता. हे तोडायचं नाही, हे बियाण्याचं. तवसं कोवळं असताना, दवाखान्यात जायच्या आधी, आईने ती बांधली असणार. गाठ आईचीच होती, दोनदा मारून टोकं आत खोचलेली. रुचिराच्या शाळेच्या डब्याच्या फडक्यालाही ती अशीच गाठ मारायची, आणि मधल्या सुट्टीत ती सोडवताना नखं दुखायची. रुचिराने गाठीला हात लावला आणि काढून घेतला.

साड्या वाटून टाकता आल्या असत्या. भांडी कोणी नेली असती. पण पुढच्या वर्षासाठी म्हणून आईने ठेवलेली ही एकच गोष्ट होती. रुचिराने तिथेच ठरवलं, हे बी पुण्याला न्यायचं. गॅलरीत मोठी कुंडी ठेवायची, गजाला वेल चढवायचा, आणि श्रावणात आईचं तवसं खायचं. बाकीचं घर गेलं तर गेलं.

परसाच्या कडेला जांभ्या दगडाचा गडगा होता, छातीएवढा उंच. त्याच्या पलीकडे सगुणाकाकी राहायची. उमेदीत ती मिरकरवाड्याला लिलावात मासे घेऊन घरोघर विकायची. आता गुडघे धरले म्हणून घरी, आणि मुलगा रूपेश जयगडच्या बंदरात कामाला, तो रविवारचा येई. उन्हं कलली की गडग्यापाशी आई, सगुणाकाकी आणि रस्त्यापलीकडच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या आनंदीबाई अशा तिघी जमत. तिथली रीत अशी की सल्ला कोणी मागायचा नाही. नुसती तक्रार करायची. मिरची मुरडली म्हणावं, की दुसरी म्हणे, राख मार सकाळी दंव असताना. अबोली रुसली म्हणावं, की सगुणाकाकी मासे धुतलेलं पाणी बादलीतून गडग्यावरून देई, आणि नाक मुरडलं की म्हणे, वास तुला येतो, झाडाला नाय येत.

हे सगळं आई दर रविवारी फोनवर सांगायची. रुचिरा तेव्हा बहुधा पेपर तपासत असायची. हं, हं, म्हणत असायची. आता तिला ते बोलणं पुन्हा ऐकायचं होतं, राख कुठली, दंव कुठलं, सगळं. आणि आठवायला बसलं की मधलं मधलं गळालेलं असे.

पहिल्याच संध्याकाळी सगुणाकाकी गडग्याशी आली. जेवलीस का, झोप लागते का, हे विचारून झालं. मग तिची नजर मांडवाकडे गेली.

"देठ सुकला काय गो त्याचा?"

रुचिरा म्हणाली, सुकत आलाय.

"मग राखू नको फार. उंदीर लागले म्हणजे रात्रीत पोखरतात."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच काढलं. चिरशील तेव्हा हाक मार, म्हणाली, बी धुवायला हात लागतो, तुला जमायचं नाय. तिसऱ्या संध्याकाळी ती गडग्यावरचं शेवाळ नखाने खरवडत उभी राहिली. आनंदीबाईंच्या मिरच्यांचं काहीबाही बोलली. आणि जायच्या बेतात असताना, तोंड दुसरीकडे करून म्हणाली, "त्यातलं बी माज्यासाठी ठेव हां, बाय. थोडं ठेवलंस तरी चालेल."

रुचिराला ते लागलं. आईला जाऊन अजून पुरते दोन महिने झाले नव्हते, आणि हिचा डोळा एका तवशावर. परसात मांडव होता, अळू होतं, अबोली होती, काय हवं ते उपटून नेलं असतं तरी रुचिरा बोलली नसती.

"काकी," ती म्हणाली, "आईचं म्हणून एवढंच उरलंय. ते मी कोणाला देणार नाही."

आवाज चढला नव्हता. म्हणूनच बहुधा ते जास्त कठीण झालं. सगुणाकाकीने तिच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवत ठेवत घराकडे वळली.

त्यानंतर ती गडग्याशी आली नाही. पलीकडे तिच्या कळशीचा आवाज येई, कोंबड्यांना घातलेली हाक ऐकू येई, पण डोकं दिसत नसे. रुचिरा एकटीच अबोलीला पाणी घाली. तिला वाटायचं, आपण चूक काहीच बोललो नाही. तरी संध्याकाळ झाली की ती काहीतरी निमित्त काढून गडग्यापाशी रेंगाळे. एकदा तर कोणी ऐकत नसताना ती मोठ्याने म्हणालीसुद्धा, कढीपत्त्याला काळं धरलंय. पलीकडून उत्तर आलं नाही.

उत्तर घेऊन आल्या त्या आनंदीबाई, तेही अगदी योगायोगाने. कपडे वाळत घालताना त्यांना रस्त्यावरून कढीपत्ता दिसला होता. तांब्याभर आंबट ताक आणून त्यांनी ते मुळाशी ओतलं, हे दमयंतीनेच मला शिकवलं होतं म्हणाल्या, आणि आईचं नाव असं अचानक कानावर पडल्याने रुचिरा खाली बघत राहिली. आनंदीबाई मांडवाखाली वाकल्या.

"सगुणेचं यंदा छान धरलं हो," त्या म्हणाल्या. "दमयंती असती तर मिरवलं असतं तिने."

"सगुणाकाकीचं?" रुचिराने विचारलं. "हे आईचं आहे."

आनंदीबाईंनी तिच्याकडे नवलाने बघितलं. "तुला सांगितलं नाही कधी तिने?"

सांगितलंही असेल, रुचिराला वाटलं. एखाद्या रविवारी.

मग आनंदीबाईंनी ते सगळं सांगितलं. दोघी नव्याने शेजारी आल्या तेव्हापासूनची ती पद्धत. आपलं बी आपण लावायचं नाही. सगुणेचं बी दमयंतीच्या मांडवावर, दमयंतीचं सगुणेच्या. दिवाळीच्या सुमाराला तवसं पिकलं की ज्याचं त्याला परत, आणि मिरगाला, पाऊस लागला की, पुन्हा गडग्यावरून बियांची देवाणघेवाण. त्याचं कारण दमयंती असं सांगायची, की घरात पाहुणे आले, भाजी नसली, की आपलं राखलेलं तवसं माणूस हळूच चिरतो. उद्याचं उद्या बघू म्हणतो. दुसरीचं असलं की हात लावायचा धीर होत नाही. "दोघींची जात वेगळी होती," आनंदीबाई म्हणाल्या. "तुझ्या आईचं पांढरं, लांबडं. हे तांबूस आहे ना, हे सगुणेच्या माहेरचं."

त्या गेल्या तरी रुचिरा मांडवाखालीच बसून होती. म्हणजे लहानपणापासून या घरात खाल्लेलं प्रत्येक तवसं सगुणाकाकीचं होतं. धोंडास त्याचंच. मिठाच्या फोडी त्याच्याच. आईच्या बियांचं तवसं तिने कधी चाखलंच नव्हतं. ते पलीकडे पिकलं, आणि रूपेशने खाल्लं.

तिने देठ कापला. चिंधी सोडली नाही. तवसं कडेवर घेऊन ती फाटकातून बाहेर पडली आणि सगुणाकाकीच्या खळ्यात, सारवलेल्या अंगणात, गेली.

सगुणाकाकी पायरीवर बसून शेंगा सोलत होती. तिने तवशाकडे बघितलं, रुचिराकडे बघितलं, आणि सूप बाजूला सारलं.

"मला माहीत नव्हतं," रुचिरा म्हणाली. "तुम्ही बोलला का नाहीत, काकी? तुमचंच होतं."

सगुणाकाकीने हाताने आपल्या मांडवाकडे दाखवलं. त्याचे दोन वासे मोडून पडले होते.

"काय बोलू? माजं दे म्हटलं असतं, तर आईचं कुठाय म्हणून विचारलं असतंस."

पुढचं तिने तुटक तुटक सांगितलं. आईचं पांढरं तवसं तिच्याकडे चांगलं धरलं होतं. तिनेही चिंधी बांधली होती. मग आई गेली. रुचिराच्या घरात चूल पेटत नव्हती, माणसं येत-जात होती, आणि सगुणाकाकी तेराव्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ तिकडे, भात घेऊन, पेज घेऊन. रुचिराला ते आठवत होतं. त्या पेजेची वाटी आपल्या हातात कोणीतरी धरून ठेवली होती, एवढंच आठवत होतं. त्याच दिवसांत माकडं उतरली. हाकलायला घरी कोणी नव्हतं. मांडव मोडला, वेल उपटला गेला, आणि तवसं खळ्यात फुटलेलं सापडलं, आतून कच्चं, बी धरलेलं नाही.

"आदल्या सालचं एक बी शिल्लक नाय ठेवलं मी, सगळंच पेरलं," ती म्हणाली. "तुजी आई एवढ्या वर्षांत माजं एकदा चुकली नाय. आणि मी नेमकी..." तिने पदराने नाक पुसलं. "म्हणून थोडंच मागितलं गो. सगळं मागायला तोंड नव्हतं."

रुचिरा तिच्या शेजारी पायरीवर बसली. आईचं बी या पायरीवरच्या बाईने आईच्याच घरासाठी धावताना गमावलं होतं. त्यावर रागावता येत नव्हतं, आणि तरी ते गेलं होतंच. तिने तवसं पुढे केलं.

सगुणाकाकीने विळी आणली. चिंधीची गाठ तिने नखाने सहज सोडवली आणि चिंधी रुचिराच्या हातात दिली. तवसं चिरलं, गर परातीत काढला, पाणी ओतलं. दोघी हात घालून बिया चोळायला लागल्या. पोचट होत्या त्या वर तरंगल्या. भरलेल्या तळाशी बसल्या.

"आईचं कसं लागायचं?" रुचिराने विचारलं.

सगुणाकाकी हात थांबवून विचारात पडली. "खरं सांगू?"

"सांगा."

"पाणचट होतं गो." ती हसली, तोंडावर ओला हात ठेवून. "दिसायला नुसतं नवरीसारखं. चवीला काय नाय. पण तिला वाटायचं, असं दुसऱ्या कोणाचं नाय. कसं लागलं म्हणून विचारायची, मी म्हणायची, साखर. रूपेश तर तोंड वाकडं करायचा, त्याला चिमटा काढायची मी."

रुचिराही हसली, आणि हसता हसता तिला परात दिसेनाशी झाली. तिला ते पाणचट तवसं हवं होतं. एकदा तरी, मीठ लावून.

"जात पूर्ण गेली का?"

"आता काय सांगू." सगुणाकाकीने पाणी ओतून दिलं. "फुलावरच्या माशीला गडगा थोडाच कळतो. मधेच एखाद्या सालाला तुज्या आईच्या मांडवावर पांढरं निघायचं. ती मला हाक मारून दाखवायची, बघ, माजी लेक पळून आली म्हणायची." तिने तळाच्या बिया मुठीत घेतल्या, राखेत घोळवल्या आणि ताटलीत पसरल्या. "यातही असेल एखादं. नसेलही."

रुचिराने ताटलीकडे बघितलं. सगळ्या बिया सारख्याच राखाडी दिसत होत्या. थोड्या पुडीत बांधून द्या म्हटलं असतं तर सगुणाकाकीने दिल्या असत्या, बहुधा सगळ्याच दिल्या असत्या. पुण्याच्या गॅलरीत वेल चढलाही असता. तिने काही मागितलं नाही.

"माजं आहे, तर उन्हाळाभर माज्याकडं राहील," सगुणाकाकी म्हणाली. तिने ताटली उचलली, पण उठली नाही. "पेरायचं मात्र तुमच्या मांडवावर. मी पेरायची नाय. मिरगाला तू येणार असशील तर सांग."

गडग्यापलीकडे घर होतं. त्याला दिवाळीनंतर कुलूप लागायचं होतं. इथून ते आजवर तिने कधी नीट बघितलं नव्हतं. मागची खिडकी, वाळत घातलेलं एक फडकं, आणि माणूस नसलेला मांडव.

"आमच्या मांडवाचे वासे उतरवून मिरगापर्यंत माळ्यावर ठेवायला हवेत ना?" रुचिराने विचारलं. "नाहीतर वाळवी खाईल."

"खाईल तर," सगुणाकाकी म्हणाली. "उद्या ये लवकर, ऊन चढायच्या आत. मी शिडी धरते."