कठड्याची कळ

दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. आणि आज नेमकं त्यालाच गप्प बसायचं होतं.

समोर चाचणीसाठी मांडलेली दवाखान्याची लोखंडी खाट होती. आजवर दादा परदेशी खाट आणायचा, स्क्रूसकट तिची नक्कल करायचा आणि स्वस्तात विकायचा. पण आता परदेशी खाटच त्याच्याहून स्वस्त येऊ लागली होती. सरकारी दवाखान्यांची मागणी मिळाली तर ठीक, नाहीतर कारखान्याला टाळं.

ही खाट मात्र धाकट्या बहिणीने स्वतः घडवलेली होती. बाईसाहेब महिनाभर वॉर्डात बसून होत्या. दादाच्या मते माशा मारत. तिथे तिने पाहिलं, की नर्सचा एक हात कायम रोग्याला धरलेला असतो आणि परदेशी खाटेचा कठडा उतरवायला दोन हात लागतात. हिच्या खाटेचा कठडा एका हाताने कळ दाबली की खाली यायचा. तिची अट एकच होती: चाचणीत कुणी काही सांगायचं नाही. रोग्याचा जीव घाबराघुबरा झाला तर सांगायला आपण तिथे असणार आहोत का, असं तिने विचारलं होतं.

सरकारी खरेदी समितीचे साहेब चाचणी बघत होते. नर्सने एका हाताने खाटेवरच्या माणसाला धरलं, दुसरा कठड्यावरून फिरवला. पुन्हा वरूनच फिरवला. कळ खालच्या बाजूला होती.

दादाला राहवेना. तो तोंड उघडणार तोच धाकटीने त्याचं मनगट आवळलं.

"सांगावं लागलं तर आपण हरलोच, दादा."

नर्सने हात काढून घेतला. साहेब उठले, परदेशीच मागवू म्हणाले.

दादाला बहिणीचा असा संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. ती मात्र खडूने कठड्यावर फुली मारत होती, नर्सचा हात गेला होता तिथेच. इतकी वर्षं नक्कल केली, पण कुठला स्क्रू कुठे का आहे, हे दादाने कधी विचारलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"साहेब, परदेशातल्यांना कळ हलवायला सांगून बघा," तो म्हणाला. "उत्तर यायलाच वर्ष जाईल. आम्ही संध्याकाळी दाखवतो."

"मग नर्स दुसरी आणीन," साहेब म्हणाले. "हिला आता ठाऊक झालंय."

"दुसरीच आणा."

संध्याकाळी दुसऱ्या नर्सचा हात वरून फिरला, फुलीच्या जागी कठड्यातच बसवलेली कळ दबली आणि कठडा अलगद खाली आला. मागणीचे कागद उद्या पाठवतो, म्हणत साहेब वाकून वाकून कठडा पाहू लागले.

"पण कळ आहे कुठे?"

दादाने धाकटीकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच त्याच्या तोंडात तीळ भिजला.