गेटवरच्या सह्या

आमचे हे लोखंड कातायच्या लेथवर उभे राहिले ना, की नुसतं बघत राहावं. केसाइतका फरक बोटांनी ओळखायचे. डबा द्यायच्या निमित्ताने मी मुद्दाम कारखान्यात आत जायची. त्या लोखंडाच्या गरम, कुरळ्या किसाचा वास आठवला की अजून जीव हळवा होतो. काय दिवस होते ते!

मग तो कारखाना बंद पडला. सरकारने बेकारभत्ता सुरू केला. पण माणूस खरंच काम शोधतोय की घरी लोळतोय, हे कचेरीला कसं कळावं? म्हणून अट घातली, महिन्याला पाच कारखान्यांच्या चिठ्ठ्या आणायच्या: 'काम मागायला आले होते, जागा नाही.' खाली फोरमनची सही.

यांचा जुना सोबती पलीकडच्या कारखान्यात फोरमन होता. दिवसाला पन्नास माणसं नुसती सहीला यायची, बिचारा वैतागला. शेवटी त्याने आधीच सह्या करून चिठ्ठ्यांचा गठ्ठा गेटवर ठेवला. आपलं नाव आपण भरा आणि चालू लागा. त्याचं बघून बाकीच्या कारखान्यांनीही तेच केलं.

मला केवढं हायसं वाटलं! "बरं झालं बाई, मित्रापुढे हात पसरायला नको," मीच यांना म्हटलं. "उगाच आत जाऊन त्याला अवघडवू नका." हे बापडे ऐकायचे. तीन वर्षं गेटवरूनच परत. पुढे भत्ता संपला, तेव्हा कोणी दारात उभं करेना. तीन वर्षं रिकामा म्हणजे याच्या कामातच खोट असणार, असं जो तो धरून चाललेला. शेवटी हे एका शाळेत पहारेकरी झाले. लेथला पुन्हा हात लागला नाही तो नाहीच.

परवा मी एकटीच दवाखान्यात गेले होते, तिथे तो फोरमन भेटला. जुन्या गप्पा निघाल्या, दोघं पोट धरधरून हसलो. मग म्हणतो, "वहिनी, तुमचा कारखाना बंद पडला त्या वर्षी चांगला टर्नर मिळेना म्हणून माझं एक लेथ सहा महिने झाकून पडलं होतं. त्याची फार आठवण यायची. पण तो कधी फिरकलाच नाही. म्हटलं, भत्त्यावर सुखात असेल, कशाला निरोप धाडून त्याचा भत्ता तोडायचा?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "फिरकले नाहीत? अहो, दर महिन्याला तुमच्या गेटपर्यंत येत होते ते!"

त्याने विचारलं, "मग आत का नाही आला?"

"मी येऊ दिलं नाही हो," म्हटलं, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मला रडू फुटलं.