बोर्डावरचा पत्ता

देवरूखकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमराईच्या तोंडाशी संदेशने पिवळा बोर्ड लावला होता. 'सावली होमस्टे', खाली फोन नंबर आणि वेबसाइटचा पत्ता. वेबसाइट अजून सुरू व्हायची होती, पण पेंटर आला होता म्हणून त्याने तोही रंगवून घेतला. गणपती झाले आणि थोड्याच दिवसांत पालीहून येताना त्याच्या बाइकला ट्रकने उडवलं. तो जागीच गेला.

त्याची बायको दीपाली रडली नाही. बायका आल्या, कुणी गळ्यात पडल्या, कुणी आपसात कुजबुजल्या. तिने सगळ्यांना चहा केला. रोज उठायचं, सासऱ्यांना, आप्पांना, पेज करून द्यायची, खोल्या झाडायच्या. खोल्यांत कुणी उतरत नव्हतं, तरी ती झाडत होती.

दिवाळीनंतर कोल्हापूरच्या एका बाईचा फोन आला. "तुमच्या बोर्डावरची वेबसाइट उघडतच नाही हो. फसवाफसवी तर नाही ना?"

आप्पा ओटीवर सुपारी कातरत होते. सून काय बोलते ते त्यांनी ऐकलं. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "त्याने लिवलान हाय ता खोटा पडायचा नाय, गो. काय करायचा ता कर."

संदेशचा मित्र गौरव सावर्ड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. दीपालीने त्याला फोन लावला.

"वहिनी, साइट त्याने बनवून ठेवलीये," गौरव म्हणाला. "नाव एका कंपनीकडून घेतलं, साइट ठेवायची जागा दुसऱ्या कंपनीची. त्या नावाला आपली जागा कुठली, एवढंच सांगायचं राहिलंय. मी येऊ का रविवारी?"

"नको. तू सांग, मी करते."

तिने संदेशचा लॅपटॉप उघडला. नाव घेतलं होतं त्या कंपनीच्या पानावर शिरताना ओटीपी मागितला, तो संदेशच्या मोबाइलवर आला. मोबाइल ती रोज चार्ज करत असे. का, ते तिला कुणी विचारलं नव्हतं. आकडे वाचून तिने टाकले. मग गौरवने सांगितलं तसं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, उघडलं, नेमसर्व्हर नावाचा रकाना शोधला, जुन्या दोन ओळी पुसल्या आणि जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्यांच्या मेलमधल्या दोन ओळी तिथे चिकटवल्या. सेव्ह केलं.

"उघडत नाही," ती म्हणाली.

"लगेच नाही उघडायचं. सगळीकडे पोचायला वेळ लागतो, कधी कधी एक दिवससुद्धा. थांबा."

थांबायचं तर थांबायचं. तिने फोन ठेवला आणि गाईला वैरण घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्ता टाकला तर पान उघडलं. वर आमराईचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'नमस्कार, मी संदेश. मी, माझी पत्नी दीपाली आणि माझे वडील तुमची वाट पाहतोय. दीपालीच्या हातची सोलकढी प्यायल्याशिवाय जाऊ देणार नाही.'

तिने ते आप्पांना वाचून दाखवलं. वाचताना आवाज कुठे अडला नाही. किराण्याची यादी वाचावी तसं वाचलं. आप्पांनी डोळे पुसले आणि तिच्याकडे बघत राहिले.

"हे बदलायला हवं," ती म्हणाली. "लोक येतील, संदेश कुठे म्हणून विचारतील."

"विचारूंदेत. सांगू आपण."

"रोज नव्या माणसाला सांगायचं?"

आप्पांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरायला घेतली.

ते पान बदलायचं कसं, हे तिने गौरवला विचारून घेतलं. पहिल्या वाक्यातलं 'मी संदेश' निवडलं. बोट डिलीटवर ठेवलं, बराच वेळ. आत काहीतरी हलेल असं तिला वाटलं होतं. हललं नाही. तिने बोट काढून घेतलं, खाली जाऊन संपर्कासाठी दिलेल्या संदेशच्या नंबराच्या जागी स्वतःचा नंबर घातला आणि तेवढंच सेव्ह केलं.

"झाला?" आप्पांनी विचारलं.

"नंबर माझा टाकलाय. बाकी आहे तसं आहे."

मग ती उठली. कोल्हापूरच्या बाईला फोन लावून म्हणाली, "वेबसाइट उघडतेय आता. कधी येताय?"