गोंदण पुसणारी लेन्स

मित्रांनो, माझ्या नावाला भुलू नका. मला ‘सॉफ्ट लेन्स’ म्हणतात, पण मी चांगली वजनदार आहे. पायावर पडले तर पंधरा दिवस लंगडाल. हे नाव मला माझ्या कामावरून मिळालं. जुनी लेन्स मी, रोह्याच्या कमळाकर फोटो स्टुडिओत चेहरे मऊ करण्यात माझी उमर गेली.

माझा जन्म जपानच्या एका कारखान्यात झाला. माझ्या काचा मुद्दाम अशा घासल्या आहेत, की प्रकाशाचे सगळे किरण एका जागी नीट जुळत नाहीत. त्यामुळे माणसाचा चेहरा धुक्यातून पाहावा तसा दिसतो. सुरकुत्या, मुरुमं, देवीचे वण सगळं विरून जातं. पण माझ्या अंगावर एक फिरतं कडं आहे आणि त्यावर शून्य ते तीन आकडे आहेत. कडं तीनवर असलं की मी सगळ्यात मऊ, आणि शून्यावर आणलं की इतर लेन्ससारखी स्वच्छ. एवढं लक्षात ठेवा. माझं कडं मला स्वतःला फिरवता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

दुबईत कामाला असलेल्या अहमदभाईंनी मला तिथून आणलं आणि आपला दोस्त कमळाकर याला भेट दिलं. कमळाकरने पहिला फोटो काढला तो अहमदभाईंच्या बायकोचा, अजीजाभाभींचा. फोटो दुबईला गेला आणि महिन्याभराने पत्र आलं, “फोटो फर्स्ट क्लास. पण नाकाजवळचा तीळ कुठं गेला? ही आमचीच ना?” पत्र वाचून कमळाकर पोट धरून हसला. मीही मनातल्या मनात फुशारले. आता ते हसू आठवलं की लाज वाटते.

त्यानंतर माझे दिवस पालटले. लग्नासाठी दाखवायचे फोटो काढायला पेणपासून मुली येऊ लागल्या. “पेणच्या कारखान्यातली गौर दिसतेस गो,” असं मैत्रिणी एकमेकींना चिडवत. प्रत्येकीला तीनचाच आकडा हवा असे. कमळाकरचा हात चुकून लागून कडं हलायचं, म्हणून त्याने एक दिवस ते तीनवर ठेवून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. मला वाटलं, गळ्यात दागिनाच घातला.

शहाण्णव सालच्या माघात काळुराम आपल्या आईला घेऊन आला. काळुराम रोह्याजवळच्या धाटावला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता. त्याची आई सगुणाबाई. पेणकडच्या खाडीकाठी मिठागरात तिचा जन्म गेला होता. हल्ली तिला विसर पडायला लागला, म्हणून लेकाने तिला रोह्याला आणून ठेवलं होतं. तिचा तोवर एकही फोटो नव्हता. कपाळावर गोंदलेली तुळस, हनुवटीवर तीन हिरवे ठिपके आणि उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. एवढा भरलेला चेहरा माझ्यासमोर कधी आला नव्हता.

स्टुलावर बसल्या बसल्या ती म्हणाली, “मी हाय तशीच काढ रं बाबा.”

“मावशी, आता बघाच तुम्ही,” कमळाकर म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हातारीला खूश करावं म्हणून त्याने दिवे चढवले. दिव्यांचा झोत आणि तीनचा आकडा, दोघांनी मिळून काम चोख केलं, सुरकुत्यांबरोबर गोंदणही पुसलं. मी ओरडायला हवं होतं. पण काचेला कुठलं तोंड!

फोटो हातात आला तेव्हा काळुराम आणि त्याची बायको सरू खूश झाली. “आई पंचेचाळिशीची दिसते,” असं सरू म्हणाली. सगुणाबाईने फोटो लांब धरला, जवळ धरला. “ही मी नाय. पर बरी हाय,” असं म्हणून तिने तो सुनेच्या हातात दिला.

चैत्रात ती हरवली. काळुराम पहिल्या पाळीला गेला होता आणि सरू नळावर होती. मीठ ओढायचं राहिलंय असं शेजारणीला सांगून सगुणाबाई एसटी स्टँडकडे चालू लागली. शेजारणीला वाटलं, म्हातारी बडबडतेय. संध्याकाळपर्यंत काळुराम पेणकडच्या गावाला जाऊन आला. आई तिथे पोहोचलीच नव्हती.

मग मी टिपलेल्या फोटोचे कागद छापले गेले. ‘सगुणाबाई, वय सत्तर. कुणाला दिसल्यास कळवावे.’ रोहा, नागोठणे, पेण, सगळ्या स्टँडवर ते चिकटवले. आठवडा गेला तरी एकही निरोप आला नाही. काळुराम कामावर खाडे करून वणवण फिरत होता. एक दिवस तो स्टुडिओत आला. डोळे तांबारलेले होते.

“भाऊ, लोक म्हणतात अशी बाई नाय बघितली. याच्याहून साफ निघंल का?”

कमळाकरने निगेटिव्ह भिंगाखाली धरून पाहिली. जे मी टिपलंच नाही ते तिच्यात कुठून येणार? मग त्याने माझ्यावरची चिकटपट्टी नखांनी खरवडून काढली, कडं शून्यावर आणलं आणि मला त्या स्टुलाकडे रोखलं. स्टुलाच्या पायाला गेलेला तडासुद्धा मला लख्ख दिसला. वर बसायला कुणी नव्हतं.

त्यानंतर पाच दिवसांनी काळुराम पुन्हा आला. सोबत विमलबाई होत्या. त्यांची नागोठण्याच्या स्टँडवर चहाची टपरी. काळुरामने फोटो न दाखवता नुसत्या तोंडाने गोंदणाची खूण सांगितली, तेव्हा त्यांना एकदम उमगलं. म्हातारी मधेच नागोठण्याला उतरली होती आणि नऊ दिवस त्यांच्या टपरीवर होती. नाव विचारलं की लग्नाआधीचं, माहेरचं नाव सांगायची, बारकी. तीन दिवसांपूर्वी खाडीची वाट विचारून ती निघून गेली होती.

काळुरामला नवीन कागद छापायचे होते. कमळाकरने फोटोवर बारीक कुंचल्याने तुळस काढली. मग हनुवटीशी कुंचला थांबला.

“ठिपके कुठल्या बाजूला रे?”

ज्या तोंडाकडे बघत काळुराम लहानाचा मोठा झाला, त्या तोंडावरचे तीन ठिपके त्याला आठवेनात. “उजवीकडं... नाय, थांबा,” असं म्हणत तो स्वतःची हनुवटी चाचपडू लागला.

विमलबाईंनी आपल्या हनुवटीवर बोट टेकवलं. “हितं. डावीकडं. दोन वर, एक खाली.” मग त्यांना रडू कोसळलं. “तुमचा कागद माझ्या टपरीच्याच खांबावर हाय. ती रोज त्याच्याखाली बसून चा प्यायची. एकदा मलाच बोलली, ‘ही कोन गो बाय? हिला शोधा कुनीतरी. घरची रडत असतील.’”

कमळाकरने ठिपके दिले, दोन वर, एक खाली. पण एक ठिपका थोडा पसरला.

नवे कागद खाडीकाठच्या गावागावांत लागले. पावसाने ते गळून पडले तरी सगुणाबाई मिळाली नाही.

मला दोष द्या, मित्रांनो, मी तो घेते. तरी एक मागणं आहे. आज घरी गेलात की तुमच्या आजीपाशी बसा. तिच्या चेहऱ्यावर कुठे काय आहे, ते हनुवटीपर्यंत नीट पाहा आणि पाठ करा. तिला विचारून तिचं माहेरचं नावही माहीत करून घ्या. फोटो मागाहून काढला तरी चालेल.