बोट वर येते तो महिना

बेटावर कधी जावं, हे सहल कचेरीतल्या कारकूनबाईंना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पाऊस संपल्यावरचे तीन महिने. पाणी नितळ, ऊन कोवळं. वीस वर्षं हेच सांगून त्यांनी गिऱ्हाइकं पाठवली आणि मागच्या हंगामात आईलाही हट्टानं धक्क्यापर्यंत नेलं.

तिथंच घोडं अडलं. ओहोटीमुळे बोट नऊ पायऱ्या खाली डुलत होती आणि लोखंडी शिडी सरळ उभी. आईचे गुडघे आधीच संपावर गेलेले. दोन खलाशी तिला उचलून घ्यायला पुढे झाले. तीस वर्षं पायी टपाल वाटलेली बाई ती. "पार्सलं मी पोचवलीत. मी पार्सल नाही," म्हणाली आणि माघारी फिरली. घरी येऊन ती रडली, ते लेकीनं दाराआडून ऐकलं.

त्या दिवशी कारकूनबाईंनी चंग बांधला. पंच्याहत्तरीचे गुडघे काही सुधारणार नव्हते, तेव्हा बोटीनंच वर यायला हवं होतं. त्यांनी फोन करकरून कप्तानाला भंडावून सोडलं.

"बोट धक्क्याच्या बरोबरीला कधी येते, तेवढंच सांगा."

"पाऊस ओसरता ओसरता, अमावास्येच्या भरतीला. पण बाई, तेव्हा बेटावर चिटपाखरू नसतं. एक खानावळ सोडली तर सगळं बंद."

"बोट सुटते ना?"

"वारा पडला तर."

"मग दोन तिकिटं."

कचेरीतल्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, या दिवसांत जाऊ नका असं तुम्हीच लोकांना सांगता."

"लोकांचे गुडघे धड आहेत, साहेब."

पहिल्या दिवशी वाऱ्यानं बोट सुटलीच नाही. कारकूनबाईंचा जीव टांगणीला लागला. भरतीचे दिवस मोजकेच होते. दुसऱ्या दिवशी वारा पडला. बारीक पावसात पाणी चढत गेलं आणि बोटीचा काठ धक्क्याला येऊन टेकला. खलाशानं हात पुढे केला. आईनं त्या हातात आपली छत्री दिली, लेकीचा खांदा धरला आणि एक पाऊल टाकलं.

बाकावर बसून तिनं दम खाल्ला. "उतरायला पण असंच पाणी असेल?"

"तिकडेही भरतीच आहे, आई."

"आणि परतायला?"

"परवापर्यंत चढेल. मग एकदम पौर्णिमेला, पंधरा दिवसांनी."

आईनं ओले गुडघे पदरानं पुसले.

"मग पौर्णिमेलाच परत येऊ."