सहापासून तेवीसपर्यंत

ज्या वस्तूने माणसाची शुद्ध हरपू शकते, ती वस्तू निगुतीने जपणाऱ्याने आपल्या कामाचा अभिमान बाळगावा काय, हा प्रश्न सोपा नाही. सुज्ञ माणसांचेही त्यावर एकमत होत नाही. परंतु वस्तू कोणतीही असो, तिच्याविषयी जे सांगायचे ते खरेच सांगावे, एवढे तर सर्वांना मान्य व्हावे.

मित्रांनो, मी ओक वृक्षाच्या लाकडाचे एक जुने पिंप आहे. माझ्या उदरात रम नावाचे मद्य मुरले. ते पेय मुलांचे नव्हे, आणि सर्व मोठ्यांचेही नव्हे. तरीही माझी कथा तुम्हांला सांगण्यासारखी आहे, असे मला नम्रपणे वाटते.

अमेरिकेतील एका टेकडीवर माझा वृक्ष उभा होता. कारागिरांनी त्याच्या फळ्या चिरल्या, उन्हावाऱ्यात वाळवल्या, विस्तवाच्या धगीवर वाकवल्या आणि लोखंडी कड्यांत अशा आवळल्या की एकही खिळा न मारता मी द्रव धरू लागलो. मग त्यांनी मला आतून जाळले. त्या वेळी ती शिक्षा वाटली. पुढे कळले की तीच माझी दीक्षा होती. जळलेल्या लाकडातूनच मद्याला रंग आणि गंध मिळतो.

काही वर्षे व्हिस्की सांभाळल्यावर मी मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात गेलो. तेथे समुद्राजवळच्या सखल प्रदेशात ऊस पिकतो. त्याचा रस आटवून मधासारखा दाट करतात, त्यापासून रम काढतात आणि ती मुरवण्यासाठी थंड डोंगरावर नेतात. त्या डोंगरावरची रीत मला फार आवडली. पिंप कधी पूर्ण रिकामे करायचे नाही. थोडी रम काढायची आणि मोकळ्या जागी तिच्याहून कोवळी रम भरायची. जुनी रम नवीला वळण लावते, नवी जुनीला तजेला देते. दरवर्षी थोडी रम लाकडातून वाऱ्यावर उडून जाई. तिचा सुगंध घेत डोंगरावरचे कामगार हसत म्हणत, वाऱ्यालाही काही हवेच की!

सन २००३ मध्ये मला भरल्या पोटी इंग्लंडला आणले. लंडनजवळ हाउन्सलो येथील एका गोदामात, विमानांच्या घरघरीखाली, मी कोपऱ्यात पडून राहिलो. एक बाजू कोरडी पडली, तिथली फळी आकसली, आणि माझ्यातून थेंब थेंब रम झिरपू लागली. कोणी पाहिले नाही. मित्रांनो, लाकडी पिंपाला मार सोसतो, उपेक्षा सोसत नाही.

पाहिले ते धम्मशीलेने. ती त्या गोदामाची पारखी, म्हणजे निरनिराळ्या वयाच्या रम मिसळून गंध जुळवणारी ब्लेंडर, रसायनशास्त्र शिकलेली. तिने स्वतः उभे राहून मला फिरवून घेतले, फळी भिजली, गळती थांबली. मग तिने तळहातावर दोन थेंब घेतले, हात चोळले आणि डोळे मिटून वास घेतला. "मनुका," ती हळूच म्हणाली, "संत्र्याची साल... आणि भाजलेला गूळ!" तिने थेंब जिभेला लावला नाही. ती बुद्धाची उपासिका होती. मद्य न घेण्याचे शील तिने बालपणी घेतले होते. केवळ नाकाने ती असा निवाडा करी की रम घेणारे आधी बाटलीवर तिचे नाव शोधीत.

दोन वर्षांनी मालकांनी माझी रम लंडनच्या एका मोठ्या स्पर्धेत पाठवायचे ठरवले. माझा आनंद गगनात मावेना. त्याच उन्हाळ्यात एका शनिवारी कामगारांच्या घरच्यांना गोदाम पाहायला बोलावले होते. धम्मशीलेचे वडील, भीमराव, काठी टेकीत आले. विमानतळावर सामान चढवून निवृत्त झालेले ते गृहस्थ विहारात सर्वांत पुढे बसत. माझ्यासमोर थांबून त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"रविवारी विहारात शील घ्यायचं आणि सोमवारी इथं हजर! वा गं उपासिके!"

"मी पीत नाही, बाबा."

"हलवाई तरी कुठं सगळे पेढे खातो? विकतोच ना?"

ती उत्तर देणार तोच रवी धावत आला. हा लंडनच्या एजवेअर भागात वाढलेला तरुण, विक्रीचे काम पाहणारा.

"शीलाताई, लेबल आलाय! ट्वेंटी-थ्री इयर्स, गोल्डमध्ये! लुक्स ब्रिलियंट ना? फक्त तुमचा सही हवाय."

धम्मशीलेने कागद हातात घेतला. तिचा चेहरा उतरला.

"रवी, यात तेवीस वर्षांची रम आहे किती? चमचाभर. सगळ्यात कोवळी तर सहा वर्षांची आहे."

"पण ओल्डेस्ट ट्वेंटी-थ्रीच आहे ना? मग खोटं कुठे आहे?"

"वाचणाऱ्याला काय वाटेल, ते सांग."

रवीने मान खाली घातली. "ताई, साहेब म्हणाले, सही नाही तर मंडेपासून दुसरा ब्लेंडर. आय ॲम नॉट जोकिंग."

मी माझ्या कड्यांत आणखी आवळला गेलो. जिने मला वाचवले, तिचे काम माझ्यामुळे जाणार होते. तिने कागद रवीच्या हातात परत दिला.

"मग दुसरा आणा. ह्याच्याखाली माझं नाव नको."

भीमरावांनी नाकावरचा रुमाल काढला. "काय रे पोरा, आमच्या घरात मी शहात्तरचा आणि नात सहाची. तर काय दारावर पाटी लावू, 'आत सगळे शहात्तर वर्षांचे'? उद्या शाळावाले तिला पेन्शन देतील!"

रवीला हसू आवरेना. "अंकल, दॅट्स नॉट फेअर," म्हणत तो कागद घेऊन मालकांकडे गेला. बऱ्याच वेळाने तो परतला.

"खूप चिडलेत. पण म्हणाले, तुमच्या नावाशिवाय बाटली कोण घेणार? सिक्स टू ट्वेंटी-थ्री लिहा म्हणाले. स्पर्धेत वय यंगेस्टवरून धरतात, म्हणून एंट्री मात्र यंगर क्लासमध्ये जाणार."

तिने सही केली. तरुण रमच्या गटात माझ्या रमने सर्वांत अधिक गुण मिळवले. परीक्षकांनी लिहिले की अशी प्रौढता त्यांना ज्येष्ठांच्या गटातही क्वचित आढळली. मित्रांनो, मोठेपण उसने घ्यावे लागले नाही, याचाच मला अधिक अभिमान वाटतो.

शरदात भीमराव पुन्हा आले. चष्मा सावरीत त्यांनी बाटलीवरची अक्षरे दुरूनच वाचली.

"खरं लिहिलंस, बरं केलंस. पण हा धंदा मला अजून पटत नाही हो."

"ठाऊक आहे, बाबा."

बाटलीला त्यांनी हात लावला नाही. माझ्या फळीवर मात्र तळहात ठेवला आणि म्हणाले, "लाकूड चांगलं आहे. कोरडं पडू देऊ नकोस."

मित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या वस्तूंकडे आणि जुन्या माणसांकडे असेच लक्ष असू द्या. जी लेक खऱ्यासाठी उभी राहिली, जो पिता रागावूनही तिच्या पाठीशी राहिला, आणि जो तरुण हसून माघारी फिरला, त्या सर्वांचे मंगल होवो.