माझ्या डाव्या कुशीतली जरिनाची पेटी

मित्रांनो, माझ्या मागच्या डाव्या चाकावरून हात फिरवा. काही लागतंय? नाही ना? तिथेच माझ्या अंगाचा एक हातभर तुकडा माझा नाही. मी दोन दरवाजांची, बुटकी, लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स गाडी. विलायतेहून बोटीतून आले, पाचगणीला एका हौशी साहेबाकडे राहिले, आणि तो देश सोडून निघाला तेव्हा मला चिंतामणरावांच्या हवाली करून गेला.

तरुणपणी मी कशी पळत होते म्हणता? पसरणीच्या घाटात एका वळणावर हॉर्न वाजवला, तर तो मला पुढच्या वळणावर मागून ऐकू आला. एकदा महाबळेश्वरच्या पावसात दोन दिवस उभी राहिले, तर डिकीत खेकड्यांनी बिऱ्हाड मांडलं. विश्वास बसत नसेल तर त्या खेकड्यांना विचारा.

चिंतामणराव मात्र कशावरच विश्वास ठेवत नसत. त्यांनी लोणंद स्टेशनात पार्सल क्लार्क म्हणून तीस वर्षं काढली होती. कांद्याच्या गोणीत कांदेच आहेत का, हे सुई खुपसून बघायची त्यांची जुनी खोड. निवृत्त होऊन साताऱ्याला आले तरी ती सुई मनातून गेली नाही. दूधवाल्यापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना ती टोचायची. त्यांच्याजवळ राहून मीही तशीच झाले.

चौऱ्याण्णव साली आम्ही सांगलीला गेलो. मार्केट यार्डाच्या बाहेर मी गुमान उभी होते. हळदीच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो मागे मागे आला आणि माझ्या डाव्या कुशीत घुसला. पत्रा चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत चेपला, फाटला. वरून एक पोतं फुटलं आणि मी पिवळीधमक झाले.

"गाडीला हळद लागली गड्या!" गुंडा नावाचा तिथला भंगारवाला टाळी देत हसला. "आता हिचं लगीन माझ्या तराजूशीच!"

त्या हसण्याने माझं तेल गोठलं. विलायती गाडीचा पत्रा इथे कुठे मिळायचा? लोकांनी एकच नाव सांगितलं, मिरज रस्त्यावरचे पत्राकाम करणारे महंमदभाई.

महंमदभाईंनी माझ्या जखमेवर बोट फिरवलं. "साहेब, दोन वाटा हायेत. चेपलेलं जरा उचलून वर पुटीचा लगदा भरला तर चार दिवसांत गाडी न्या. पण वरसा-दोन वरसात पुटी फुगंल. न्हाईतर हा भाग कापून नवा पत्रा घडवून बसवू. म्हैना लागंल."

"कापा," चिंतामणराव म्हणाले. मग खिशातून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं. "पण ऐका. पुटीला हे चिकटत नाही. काम झाल्यावर मी हे गाडीवरून फिरवणार. एका जागी जरी पडलं, तर गाडी त्याच दिवशी गुंडाला."

"फिरवा की," महंमदभाई म्हणाले.

किती शांतपणे म्हणाले! मला तिथेच संशय आला.

दुसऱ्याच दिवशी चिंतामणराव साताऱ्याहून एसटीने आले, पण एकटे नाही. भांड्यांच्या दुकानात बसून तांब्या-पातेल्यांवर नावं घालणारा माणूस त्याच्या यंत्रासकट आणला. महंमदभाई दुपारच्या नमाजाला गेले तसं यंत्र घूं घूं करायला लागलं. माझा सुटा केलेला बंपर, दिव्याची कडी, डिकीचं झाकण, चाकांच्या टोप्या, सगळ्यावर 'चिंतामण, सातारा'. हॉर्नवरसुद्धा! सुटे भाग बदलले जाऊ नयेत म्हणून हो. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की बॅटरी काढलेली असूनही वायपर एकदा हलला.

महंमदभाई परतले. नावं बघितली. बंपर फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला.

मग त्यांनी माझ्या धडधाकट उजव्या कुशीवर कागद लावला, आकार काढला आणि कागद उलटा करून डावीकडे धरला. एवढं कळलं. पण पत्रा कुठून आणणार? बाजारातून चार नमुने आले, त्यांनी बोटांत वाकवून बघितले आणि फेकून दिले. एके सकाळी गॅरेजमागच्या घरातून ते एक जुनी पेटी उचलून घेऊन आले. त्यांची बायको जरिना दारात उभी होती. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. संध्याकाळी पेटी गायब! पेटीचं काय केलं असेल? माझ्या खिडक्यांच्या काचा पेटीत भरून विकल्या की काय? मी रात्रंदिवस काचा मोजायची.

पुढचे पंधरा दिवस वाळूच्या पिशवीवर हातोडी चालली. टुक टुक टुक. एक ठोका ठेवायचा, हाताने चाचपायचं, मग दुसरा. मग करवत आली. माझा फाटका भाग कापला तेव्हा आतून हळद भळाभळा सांडली. नवा तुकडा जोडला. अंगात अगदी बेमालूम बसला, पण आतल्या बाजूला काहीतरी टोचत होतं. बारीक, ठिपक्याठिपक्यांचं. खूण केली असणार! चोर गुरांवर करतात तशी!

रंग वाळला. चिंतामणराव आले, आणि बोलावणं नसताना गुंडाही टेम्पो घेऊन दाखल झाला.

लोहचुंबक फिरू लागलं. चाकावर चिकटलं. दिव्याजवळ चिकटलं. जोडावर आलं... आणि टप्पकन खाली पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"पुटी!" चिंतामणराव ओरडले. "मला वाटलंच होतं!"

"दोर आणू का साहेब?" गुंडा म्हणाला.

"आवं, ती पुटी न्हवं, शिसं हाय," महंमदभाई म्हणाले. "जोडावर शिसं पातळ करून भरलंय, जुन्या लोकांची रीत. शिशाला चुंबक कसं धरंल?"

"पुरावा?" चिंतामणराव म्हणाले.

महंमदभाईंनी क्षणभर रंगाकडे बघितलं. तीन दिवस घासून काचेसारखा केलेला रंग. मग त्यांनी गॅसची बत्ती पेटवली आणि माझ्या कुशीजवळ धरली. रंग करपला, फुगला. खालून चांदीसारखा एक थेंब चकाकला आणि ओघळत जमिनीवर पडला. पुटी असती तर जळून काळी झाली असती.

चिंतामणराव थबकले. पण मनातली सुई अजून टोचतच होती. त्यांनी डिकी उघडली, आतलं अस्तर वर केलं, बॅटरीचा उजेड पाडला. नव्या पत्र्याच्या आतल्या अंगाला ठिपक्यांनी ठोकलेलं नाव होतं. जरिना.

"दुसऱ्याच्या नावाचा पत्रा! चोरीचा!"

"चोरीचा कशापायी?" जरिना ओले हात पदराला पुसत बाहेर आली. "माझ्या लग्नातली पत्र्याची पेटी हाय ती. आईनं नाव घालून दिलेली. आताचा पत्रा पापडावानी, म्हणून ह्यांनी माझ्याकडं मागितली. मी म्हणलं, न्या, पर नावावर हातोडी घालू नका. तुमी आपल्या गाडीवर नाव घातलं तवा आमी काय म्हणलं का?"

चिंतामणराव बंपरवरच्या आपल्या नावाकडे बघत राहिले. मलाही हॉर्न जड वाटू लागला.

"गुंडा," ते म्हणाले, "टेम्पो घेऊन जा. भाई, जळालेला रंग पुन्हा द्याल का? मी आठ दिवस तपासायला येणार नाही."

"या की. चहाला या," महंमदभाई म्हणाले.

निघताना चिंतामणरावांनी ते लोहचुंबक जरिनापुढे धरलं. ती शिवणकाम करायची. "सुया सांडल्या तर शोधायला," ते एवढंच पुटपुटले.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. बंपर गंजला, दिव्याची कडी हरवली, पण डाव्या कुशीला ओरखडासुद्धा नाही. उन्हात उभी राहिले की डिकीतून अजून जरिनाच्या पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास येतो. तुमची एखादी वस्तू कुणाकडे दुरुस्तीला दिलीत, तर काम जरूर बघा, पण त्या माणसाचे हातही बघा. मी महिनाभर त्या हातांत होते आणि फक्त काचा मोजत बसले.

माझ्या अंगावर जिथे तिथे 'चिंतामण, सातारा' आहे. फक्त त्या एका तुकड्यावर नाही. आणि रविवारी फडकं घेऊन येतात तेव्हा चिंतामणराव आधी डिकी उघडतात, अस्तर वर करतात आणि ते ठिपके पुसतात. बाकीची मी नंतर.